ग्रंथालयाचा उंबरठा

कोणत्याही ग्रंथालयाचा वार्षिक अहवाल उघडला तर त्यात स्थापनेचा सन, देणगीदारांची नामावळी आणि संग्रहातील ग्रंथांची संख्या या तीन गोष्टी हटकून आढळतात. परंतु त्या ग्रंथालयात पाऊल टाकण्याचा अधिकार कोणाला होता, पाऊल टाकणाऱ्याकडून दारातच काय मागून घेतले जात असे, आणि आत गेल्यावर हव्या असलेल्या पुस्तकापासून त्याला किती हात दूर बसवीत असत, याची नोंद अहवालात क्वचितच सापडते. माझ्या मते ग्रंथालयाचा खरा इतिहास या चौथ्या गोष्टीत आहे. गेल्या दोनशे वर्षांत मराठी मुलखात आणि मराठी राजांच्या संस्थानांत ग्रंथ व वाचक यांच्यामधले अंतर पुष्कळ कमी झाले, काही ठिकाणी ते पुन्हा वाढलेही. आणि आज एखाद्या जुन्या ग्रंथालयात गेलेल्या माणसाच्या वाट्याला ज्या पायऱ्या, जी नोंदवही, जी अनामत, जी मागणीची चिठ्ठी आणि जी प्रतीक्षा येते, त्यांतील एकेक गोष्ट केव्हा तरी कोणी तरी विचारपूर्वक तेथे आणून ठेवलेली आहे.

छापखाना येण्यापूर्वी पोथी ही वस्तूच अशी होती की ती सहजासहजी दुसऱ्याच्या हाती द्यावी असे तिच्या धन्याला वाटू नये. एक मोठी पोथी उतरवून काढण्यास लेखनिकाचे महिनेच्या महिने जात, कागद महाग असे, शाई घरी घोटावी लागे. म्हणून पोथी दोन फळ्यांमध्ये दाबून, रुमालात बांधून, वाळवीच्या आणि कसरीच्या भयाने वेखंडाच्या तुकड्यासह देवघराच्या फडताळात ठेवण्याची चाल पडली, आणि तेलापासून, पाण्यापासून व सैल बांधणीपासून मला राखा, मूर्खाच्या हाती मला देऊ नका, अशी पोथीच्याच तोंडची विनवणी लेखनिक शेवटच्या पानावर उतरवून ठेवू लागले. विनवणी रास्त होती. परंतु मूर्ख कोण हे ठरविण्याचा अधिकार पोथीच्या धन्याकडे होता, आणि त्या अधिकाराच्या आड जन्माने येणारे सारे निर्बंध निमूटपणे उभे होते.

या पोथीसंस्कृतीचे अत्यंत वैभवशाली रूप महाराष्ट्रापासून दूर, कावेरीच्या काठी, भोसल्यांच्या तंजावरात दृष्टीस पडते. सरस्वती महालाचा पाया नायक राजांच्या अमदानीत पडला असला तरी आज त्या संग्रहाला जी कीर्ती आहे ती दुसऱ्या सरफोजी राजांमुळे. १७९८ साली गादीवर बसलेला हा राजा श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याच्या हाताखाली शिकला होता. राज्याचा कारभार कंपनी सरकारच्या हाती गेल्यावर त्याने आपले आयुष्य विद्येला वाहिले, काशीयात्रेहून येताना हस्तलिखिते जमविली, युरोपातून छापील ग्रंथ मागविले आणि आपल्या पुस्तकांवर स्वतःच्या हाताने इंग्रजीत सही केली. संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि मराठी या भाषांच्या पोथ्या व मोडी कागदांचे रुमाल तेथे एका छताखाली नांदतात. सरफोजी १८३२ साली वारले. आणि राजवाड्यातला हा संग्रह सामान्य जनांसाठी खुला होण्यास १९१८ साल उजाडावे लागले. म्हणजे ज्या राजाने ग्रंथ जमविण्यात कसलीही कसर ठेवली नाही, त्याच्या ग्रंथांना वाचक मिळण्यास त्याच्या मृत्यूनंतर शहाऐंशी वर्षे जावी लागली.

सरफोजी निवर्तले त्याच वर्षी पश्चिम किनाऱ्यावर, पोर्तुगीजांच्या पणजी शहरात, 'पुब्लिका लिव्हरारिया' नावाचे सार्वजनिक ग्रंथालय निघाले. पुढे ख्रिस्ती मठसंस्था सरकारने बरखास्त केल्यावर मठांतील ग्रंथ तेथे येऊन पडले, आणि भिक्षूंच्या कोठड्यांत बंद असलेली विद्या निदान नावापुरती तरी नागरिकांची झाली. आज ते ग्रंथालय सोळाव्या शतकातील गोमंतकीय ग्रंथकार कृष्णदास शामा याचे नाव धारण करून गोवा राज्याचे मध्यवर्ती ग्रंथालय म्हणून पाटो येथील प्रशस्त इमारतीत उभे आहे.

मुंबईत याच्याही आधी, १८०४ साली, सर जेम्स मॅकिंटॉश यांच्या पुढाकाराने साहेबलोकांची एक विद्वत्सभा स्थापन झाली होती. तीच पुढे रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा झाली आणि टाऊन हॉलच्या इमारतीत, जी १८३३ साली पुरी झाली, तिने आपले बिऱ्हाड थाटले. ती इमारत पाहताच तिच्या बांधणीतला हेतू ध्यानात येतो: रस्त्यावरून येणाऱ्याला रुंद दगडी तीस पायऱ्या चढाव्या लागतात, वर ग्रीक मंदिराच्या धर्तीचे आठ अजस्र स्तंभ, आणि त्यांच्याआड उंच तख्तपोशीच्या दालनात गव्हर्नरांचे शुभ्र संगमरवरी पुतळे. येथे येणाऱ्या माणसाने आपण कोठे आलो आहोत याचा विचार पायऱ्या चढतानाच करावा, अशीच ती योजना आहे. आज त्या पायऱ्यांवर संध्याकाळी महाविद्यालयातील मुलेमुली गप्पा मारीत बसतात, हे पाहून मला नेहमी समाधान वाटत आले आहे. कारण त्या पायऱ्या चढून सभासद म्हणून आत जाण्यास पहिल्या हिंदी माणसाला १८४० सालापर्यंत थांबावे लागले. तो मान माणेकजी कर्सेटजी या पारशी गृहस्थांचा. त्यानंतर डॉ. भाऊ दाजी लाड यांनी याच सभेच्या नियतकालिकातून शिलालेखांवरील आपले शोध जगापुढे मांडले, आणि १८९२ साली न्यायमूर्ती काशीनाथ त्रिंबक तेलंग हे तिचे पहिले हिंदी अध्यक्ष झाले. पुतळ्यांच्या त्या मांदियाळीत आता जगन्नाथ शंकरशेट यांचाही पुतळा आहे. अध्यक्षपद मिळण्यास स्थापनेपासून अठ्ठ्याऐंशी वर्षे लागली, ही गोष्ट कोणी हिणविण्यासाठी सांगू नये; परंतु विसरूही नये.

साहेबांच्या सभेत प्रवेश नव्हता तेव्हा एतद्देशीय मंडळींनी आपल्यापुरती वेगळी सोय केली, आणि तिला जागोजागी 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' असे एकाच साच्याचे नाव पडले. रत्नागिरीचे नगर वाचनालय आपला जन्म १८२८ सालचा सांगते, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, पुण्याचे १८४८ चे आणि कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० चे. यांच्या पाठीशी बहुधा एखादा विद्याप्रेमी इंग्रज अंमलदार असे, आणि वर्गणीदारांत मुन्सफ, शिरस्तेदार, मामलेदार, वकील व शाळामास्तर यांचा भरणा असे. वर्गणी ही या वाचनालयांची प्राणवायूची नळी होती आणि तीच त्यांची भिंतही होती. महिना चार-आठ आणे ज्याला परवडत, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ज्याला अक्षर ओळखता येई, त्याच्यासाठी दार उघडे. बाकीच्यांना दार बंद आहे असे कोणी सांगत नसे, कारण ते दारापर्यंत येतच नसत.

पुण्याच्या बाबतीत हा विचार मनाला फार खोलवर लागतो. लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख यांच्यासारख्यांच्या खटपटीने बुधवार पेठेतल्या पेशव्यांच्या वाड्यात ग्रंथालय निघाले ते १८४८ साली. त्याच वर्षी लोकहितवादींची शतपत्रे 'प्रभाकर' पत्रात येऊ लागली. आणि त्याच वर्षी, त्याच बुधवार पेठेत, भिड्यांच्या वाड्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. दोन वाड्यांमध्ये हाकेचे अंतर. एका वाड्यात वाचता येणाऱ्यांना वाचायला काय द्यावे याची चिंता वाहिली जात होती, दुसऱ्यात ज्यांनी वाचू नये असे शतकानुशतके ठरवून टाकले होते त्यांच्या हाती पाटी दिली जात होती आणि त्यापायी शेणमाती झेलली जात होती. पुण्याच्या ग्रंथालयाचा इतिहास लिहिणाऱ्याने पहिले प्रकरण बुधवार वाड्यावर लिहावे, परंतु त्याच प्रकरणात भिडे वाड्यालाही जागा द्यावी, असे मला आग्रहाने वाटते. कारण ग्रंथालयाला वाचक पुरविणारी ती दुसरी वास्तू होती. १८७९ च्या मे महिन्यात बुधवार वाडा आगीत भस्मसात झाला आणि तिची झळ वाचनालयालाही बसली. परंतु संस्था टिकली, आणि आज पुणे नगर वाचन मंदिर या नावाने ती लक्ष्मी रस्त्यावर आपले काम करीत आहे.

या पहिल्या पिढीतल्या वाचनालयांत कपाटे भरलेली असत ती मुख्यतः इंग्रजी ग्रंथांनी. मराठीत छापील पुस्तके आरंभी थोडी, आणि जी होती त्यांची प्रतिष्ठा त्याहून थोडी. पन्नास वर्षांत पुस्तके वाढली, प्रतिष्ठा मात्र मागे राहिली; आणि ही उणीव ज्या तरुणाच्या मनाला बोचली तो विनायक लक्ष्मण भावे तेव्हा अवघ्या बाविशीत होता. १ जून १८९३ रोजी ठाण्यास मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झाले ते मराठी भाषेतील एकूणएक ग्रंथ एके ठिकाणी जमवावा, या साध्या आणि विलक्षण संकल्पाने. एकूणएक, म्हणजे भिकार नाटके, पाकशास्त्रे, पंचांगे, बखरी, व्याकरणे, मिशनऱ्यांची पुस्तके, सारे काही. निवड करणारा संग्राहक आपल्या काळाच्या अभिरुचीचा बंदा असतो. सर्व काही ठेवणारा पुढच्या काळातील अभ्यासकाचे स्वातंत्र्य राखतो. भाव्यांनी पुढे 'महाराष्ट्र सारस्वत' हा मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिला. ठाण्याच्या पाठोपाठ १ ऑगस्ट १८९८ रोजी मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय निघाले, आणि इंग्रजी न येणारा कारकून, गिरणीतला जॉबर, शाळेत चार इयत्ता शिकलेली गृहिणी यांना ग्रंथालय ही आपल्याही मालकीची वस्तू आहे असे प्रथमच वाटू लागले. त्या गृहिणी वाचनालयात स्वतः जात नसत. घरातला मुलगा नावांची यादी घेऊन जाई आणि यादीतले एखादे, बहुधा दुसरेच, पुस्तक घेऊन येई. पुस्तक घरी नेण्याची परवानगी, जिला आपण देवघेव म्हणतो, तिने मराठी स्त्रियांच्या वाचनासाठी जे केले ते वाचनकक्षांतील झळाळत्या टेबलांना करता आले नाही.

याच्या आधीच मुंबईत विद्यापीठाचे ग्रंथालय उभे राहिले होते, आणि त्याची कथा अगदी निराळी आहे. कापसाच्या व्यापारात अमाप पैसा मिळविलेले प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ साली विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी दोन लक्ष रुपये दिले आणि पाठोपाठ आपल्या मातुःश्री राजाबाई यांच्या नावाने मनोरा उभारावा म्हणून आणखी दोन लक्ष. पुढच्याच वर्षी अमेरिकेतले यादवी युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला, शेअरबाजार बुडाला आणि प्रेमचंदांचे दिवाळे निघाले. परंतु दिलेले दान दिलेलेच राहिले. इमारतीचे नकाशे लंडनचे सर गिल्बर्ट स्कॉट यांनी काढले, आणि त्यांनी मुंबई कधी डोळ्यांनी पाहिलीही नव्हती. १८६९ साली कोनशिला बसली, १८७८ साली दोनशे ऐंशी फुटांचा मनोरा पुरा झाला, १८८० साली ग्रंथालय उघडले. रंगीत काचांच्या उत्तुंग खिडक्यांतून दुपारचे ऊन निळे-तांबडे होऊन जमिनीवर पडते, वर लाकडी कमानींचे छत, आणि बाहेर मनोऱ्यावर पश्चिम हिंदुस्थानातील निरनिराळ्या जातीजमातींच्या माणसांच्या पाषाणमूर्ती. या मूर्तींकडे पाहताना मला एक गोष्ट जाणवल्यावाचून राहत नाही: ज्यांचे पुतळे बाहेर बसविले त्यांपैकी बहुतेकांच्या आत येण्याची कोणतीही तरतूद त्या काळी नव्हती. किंबहुना विद्यापीठच मुळी तेव्हा शिकवीत नसे. परीक्षा घेणे आणि पदव्या देणे एवढेच त्याचे काम, अध्यापन महाविद्यालयांत चाले. विद्यापीठाचे स्वतःचे अध्यापन विभाग विसाव्या शतकात निघाले, अर्थशास्त्र व समाजशास्त्र यांची शाळा १९१९ साली सुरू झाली, आणि तेव्हा कोठे त्या देखण्या दालनाला रोजचा, हक्काचा वाचक लाभला.

अशा ग्रंथालयात पुस्तक मिळविण्याचा जो विधी असे तो अनुभवलेली माणसे अद्याप आहेत. प्रथम नोंदवहीत नाव, वेळ व सही. मग तालिकेची कपाटे: लाकडी खणांच्या रांगा, प्रत्येक खणावर पितळी चौकटीत अक्षरांची चिठ्ठी, आत हजारो बोटांनी कडा मऊ झालेली पत्रे एका गजात ओवलेली, म्हणजे कोणी पत्र उपसून नेऊ नये. त्या पत्रावरचा वर्गांक चिठ्ठीवर उतरवायचा, लेखक, ग्रंथनाम, स्वतःचे नाव, आसनक्रमांक लिहायचा, आणि चिठ्ठी टेबलावर ठेवून बसायचे. शिपाई चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन आत जातो. पंधरा मिनिटे, कधी अर्धा तास. मग पुस्तक येते, किंवा 'जागेवर नाही' असा शेरा मारलेली चिठ्ठीच परत येते. हे दोन शब्द वाचकाच्या आयुष्यातले फार कठोर शब्द आहेत; पुस्तक हरवले आहे, बांधणीला गेले आहे, दुसऱ्या कपाटात पडले आहे की शिपायाला दिसले नाही, यांपैकी काहीच त्यातून उलगडत नाही. माझी ठाम समजूत आहे की बंद कपाटाची ही पद्धत ग्रंथाचे रक्षण करते तितकीच वाचकाच्या जिज्ञासेची हानी करते. कारण माणूस मागावयास जातो ते ठाऊक असलेले पुस्तक, आणि त्याला खरोखर हवे असते ते बहुधा त्याच्या शेजारी उभे असलेले, ज्याचे नाव त्याने ऐकलेलेही नसते.

हे ज्या राजाला शंभर वर्षांपूर्वी कळले तो नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावी शेतकऱ्याच्या घरात जन्मला होता आणि दत्तक जाईपर्यंत त्याला अक्षरओळख नव्हती. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. आणि शाळेत शिकलेली अक्षरे पुस्तकांवाचून चार वर्षांत पुसली जातात हे ओळखून, अमेरिकेच्या दौऱ्यात पाहिलेल्या ग्रंथालयांसारखी ग्रंथालये आपल्या राज्यात निर्माण करण्यासाठी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालास बोलावून घेतले. बॉर्डन तीन वर्षे राहिले. तेवढ्या अवधीत त्यांनी मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसविली, ग्रंथपालांना शिकविण्याचा वर्ग काढला आणि इंग्रजी, गुजराती व मराठी मजकुराचे ग्रंथालयविषयक त्रैमासिक सुरू केले. महाराजांनी राजवाड्यातला स्वतःचा ग्रंथसंग्रह या ग्रंथालयाला देऊन टाकला. तंजावरच्या राजाचा संग्रह प्रजेला मिळण्यास जितके दिवस लागले ते आठवले म्हणजे या देण्याचे मोल कळते.

बडोद्याच्या योजनेतले कारभाराचे चातुर्य मला त्या उदारतेइतकेच मोलाचे वाटते. गावाला ग्रंथालय हवे असेल तर गावकऱ्यांनी ठराविक रक्कम उभी करावी, तितकीच प्रांत पंचायतीने घालावी आणि तितकीच सरकारने. म्हणजे ग्रंथालय सरकारचे उपकार म्हणून गावावर उतरत नसे आणि गावाच्या दारिद्र्यावर सोडूनही दिले जात नसे. जेथे ग्रंथालय निघणे शक्य नव्हते तेथे पुस्तकांच्या पेट्या फिरत. पेटी गावात येई, पाटलाच्या ओसरीवर किंवा शाळेत उघडे, आणि वाचून झाल्यावर दुसऱ्या गावी जाई. मध्यवर्ती ग्रंथालयात स्त्रियांसाठी व मुलांसाठी स्वतंत्र दालने होती. पुस्तके ठेवण्यासाठी पोलादी मांडण्यांचे मजले अमेरिकेहून आणविले होते आणि त्या मजल्यांची जमीन जाड काचेची, म्हणजे वरचा उजेड खालच्या पुस्तकांच्या पाठीवर पडावा आणि आगीचे भय नसावे. आजही त्या काचेवरून चालताना खालच्या मजल्यावरील माणसाची धूसर आकृती पायाखाली हलताना दिसते. मुख्य गोष्ट ही की वाचकाने स्वतः कपाटापाशी जाऊन पुस्तक काढावे, चाळावे, ठेवावे, अशी मोकळीक तेथे होती. प्रजेवर विश्वास ठेवण्याची ही राजनीती त्या काळच्या हिंदुस्थानात दुर्मीळ होती, आणि ती राबविणाऱ्याचे नाव घेताना मराठी माणसाने संकोच करण्याचे कारण नाही.

परंतु त्याच बडोद्याच्या इतिहासात दुसरे एक पान आहे आणि ते वगळून पुढे जाता येत नाही. सयाजीरावांच्याच शिष्यवृत्तीवर १९१३ साली भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे आणि नंतर लंडनला ग्रंथालयांत त्यांनी जे वाचन केले त्याच्या हकीकती चरित्रकारांनी लिहून ठेवल्या आहेत: ब्रिटिश म्युझियमच्या घुमटाखालील वाचनालयात दार उघडण्याच्या वेळी जायचे आणि ते बंद होईपर्यंत उठायचे नाही, दुपारच्या जेवणाला पैसे नाहीत आणि वेळही नाही. त्या घुमटाखाली त्यांची जात कोणी विचारली नाही; प्रवेशपत्र पाहिले आणि पुस्तक आणून दिले. १९१७ साली ते परतले तेव्हा अमेरिकेत जमविलेल्या ग्रंथांपैकी पुष्कळसे ज्या जहाजावर होते ते युद्धात बुडाले. आणि करारानुसार नोकरीसाठी ते बडोद्यास गेले तेव्हा ज्या संस्थानात गावोगाव ग्रंथालये उघडली होती त्या संस्थानाच्या राजधानीत या विद्वान अधिकाऱ्याला राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत आश्रय घ्यावा लागला आणि तेथूनही त्यांना लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले. राजाने ग्रंथालयाचा उंबरठा खाली आणला होता, गावाने आपला उंबरठा तसाच ठेवला होता. पुढे मुंबईत दादरला हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधताना बाबासाहेबांनी ग्रंथांसाठी प्रशस्त जागा राखली. आपल्या ग्रंथांच्या आणि आपल्यामध्ये कोणाचाही उंबरठा नसावा ही ओढ त्यामागे होती, असे मला वाटते.

ब्रिटिश मुंबई इलाख्यात बडोद्यासारखी योजना व्हावी म्हणून खेर मंत्रिमंडळाने १९३९ साली न्यायशास्त्री आसफ फैझी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने मध्यवर्ती ग्रंथालयापासून खेड्यातल्या वाचनालयापर्यंत सोपानाची योजना आखून दिली, आणि युद्धाच्या धामधुमीत ती बव्हंशी दप्तरी पडली. कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली ग्रंथालयांचा कायदा केला. महाराष्ट्र राज्याचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. पुढच्या वर्षी १ मे रोजी तो अमलात आला. या कायद्याने ग्रंथालयांसाठी स्वतंत्र कर बसविला नाही, तर लोकांनी चालविलेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड अशा वर्गवारीने अनुदान देण्याचा मार्ग स्वीकारला. त्यामुळे झाले असे की वाचनालयांची संख्या वाढत वाढत अकरा-बारा हजारांच्या घरात गेली, गावातल्या मंडळींची आपुलकी टिकली. परंतु अनुदान अपुरे आणि उशिरा, ग्रंथपालाचे वेतन लाज वाटावी इतके तुटपुंजे, हे दुखणे कायमचे जडले. आयुष्यभर पुस्तके सांभाळून निवृत्त होताना ज्याच्या हाती काही पडत नाही असा माणूस महाराष्ट्राच्या प्रत्येक तालुक्यात सापडेल.

तरीही तालुक्याच्या वाचनालयात संध्याकाळी पाच वाजता जावे. तिरप्या लाकडी मांडणीवर लोखंडी पट्टीत अडकविलेली वर्तमानपत्रे उभ्याने वाचणारे वृद्ध, त्यांतील एकाने पान उलटावे म्हणून शेजारी अदबीने थांबलेला दुसरा. देवघेवीच्या खिडकीपाशी दिवाळी अंकांची पाळी आली का म्हणून चौकशी करणाऱ्या स्त्रिया, कारण एकेका अंकावर पौषापर्यंत नावे लागलेली असतात. आणि पुस्तक परत घेताना पान फाटले नाही ना हे पाहण्यासाठी ते झरझर चाळून शेवटच्या कागदावर तारखेचा शिक्का उमटविणाऱ्या बाई. वरच्या मजल्यावर अभ्यासिका, आणि तिच्यात जागा मिळविण्यासाठी पहाटेपासून आलेली, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले. ही मुले पुस्तके स्वतःची आणतात. ग्रंथालयाकडून त्यांना हवी असते ती खुर्ची, दिवा, पंखा आणि शांतता. पुष्कळ जुने सभासद यावर नाराज असतात. मला ती नाराजी पटत नाही. दोन खोल्यांत सहा माणसे राहणाऱ्या घरातल्या मुलीला सार्वजनिक मालकीची एक खुर्ची दिवसभर मिळते, ही गोष्ट १८२८ पासून चाललेल्या या प्रवासात लहान नाही. आणि त्या खुर्चीवरून उठून ती खालच्या मजल्यावरच्या कपाटापर्यंत यावी यासाठी काही करावयाचे असेल तर ते ग्रंथपालाने करावयाचे आहे, तिने नव्हे.

माझी खरी तक्रार विद्यापीठांच्या ग्रंथालयांविषयी आहे. सार्वजनिक पैशावर उभ्या असलेल्या या संग्रहांत बाहेरच्या माणसाला जावयाचे तर आज ठिकठिकाणी संस्थेचे शिफारसपत्र, ओळखपत्र, दिवसाचे शुल्क आणि कार्यालयीन परवानगी यांच्या फेऱ्यांतून जावे लागते, आणि ज्याला कोणतीही संस्था नाही त्याला तर 'आपण कुठले?' या पहिल्याच प्रश्नाला उत्तर नसते. ग्रंथ चोरीस जातात, पाने कापली जातात, हे मला ठाऊक आहे. ग्रंथपालाची जबाबदारी किती जड असते हेही ठाऊक आहे. परंतु महाराष्ट्राचे इतिहाससंशोधन ज्यांनी उभे केले त्या विश्वनाथ काशीनाथ राजवाड्यांचा विचार करावा. डेक्कन कॉलेजात असताना ते व्याख्यानांपेक्षा तेथल्या ग्रंथालयात अधिक रमले. पदवी घेतल्यावर कोणत्याही विद्यापीठाची जागा त्यांच्याकडे नव्हती. बगलेत वळकटी मारून वाड्यावाड्यांतून आणि मठामठांतून कागद शोधीत ते महाराष्ट्रभर हिंडले, १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड त्यांनी काढला आणि ती माला बावीस खंडांपर्यंत नेली. ते १९२६ च्या डिसेंबरात धुळ्यास वारले, आणि त्यांचे दप्तर सांभाळण्यासाठी मित्रांनी तेथे संशोधन मंडळ काढले. असा एखादा राजवाडे आज सकाळी अकरा वाजता एखाद्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या दारात उभा राहिला तर नोंदवहीतल्या 'संस्थेचे नाव' या रकान्यात तो काय लिहील? तो रकाना कोरा ठेवूनही त्याला आत घेता येईल, असा एक साधा ठराव करण्यास कोणत्याही विद्यापीठाला अनुदानाची वाट पाहावी लागणार नाही.